बुधवारचे पाय, शुक्रवारचा सामना

जून-जुलै उजाडला की सिडनी आणि ब्रिस्बेनच्या रग्बी लीग चाहत्यांमध्ये एक वाद हमखास पेटतो. बुधवारी रात्री न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड, ऑस्ट्रेलियातल्या या दोन राज्यांची लढत म्हणजे ‘स्टेट ऑफ ओरिजिन’. वर्षाला असे तीन सामने. आणि दोन-चार दिवसांत त्याच खेळाडूंनी आपापल्या क्लबकडून पुन्हा उतरायचं. आता त्यांना खेळवायचं की बसवायचं? उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. ज्याच्या क्लबातून एकही खेळाडू राज्याकडून खेळायला गेला नाही, त्याला समोरच्या संघातल्या पाच जणांच्या गुडघ्यांची भलतीच काळजी वाटू लागते.

वाद घालताना लोक ‘दम आहे की नाही’ एवढंच बोलतात. खरं तर आधी घड्याळ बघावं. ओरिजिन रात्री आठनंतर सुरू होते आणि दहाच्या सुमारास संपते. शुक्रवारी रात्री आठला क्लबचा सामना असेल तर मधे मिळतात जेमतेम ४६ तास. रविवारी दुपारी चारचा असेल तर ९०. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला जातो, पण पहिल्या बाबतीत खेळाडूची बुधवारची रात्र धड झोपेची नसते. सामन्याची तार उतरत नाही, त्यात खेळाआधी घेतलेलं कॅफीन. गुरुवार डॉक्टरांची तपासणी आणि विमानात जातो, सुजलेला घोटा विमानात आणखी सुजतो. सामना पर्थला असेल तर सिडनीला परतण्यातच निम्मा दिवस गेला. क्लबसोबत सराव म्हणाल तर शून्य, फार तर शुक्रवारी सकाळी हॉटेलात उभ्या उभ्या डावपेचांची उजळणी.

शरीराचं गणितही जागेगणिक बदलतं. मधल्या फळीतला प्रॉप किंवा लॉक एका सामन्यात तीस-चाळीस टॅकल करतो, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला धरून पाडतो, वर दहा-पंधरा वेळा चेंडू घेऊन शंभर-शंभर किलोच्या माणसांवर आदळतो. त्याचे स्नायू धावून नव्हे, मार खाऊन थकलेले असतात. रक्तातलं क्रिएटिन कायनेज, म्हणजे स्नायूंच्या इजेची खूण, साधारण दुसऱ्या दिवशी शिखर गाठतं आणि उतरायला कित्येक दिवस घेतं. कडेने धावणाऱ्या विंगरला मार कमी, पण त्याचं सगळं भांडवल तुफान वेगात. त्याला भीती मांडीच्या मागच्या स्नायूची, आणि तो स्नायू दमल्यावर दगा देऊ शकतो. क्लबांत उडीची चाचणी घेतात: हात कमरेवर, बल मोजणाऱ्या पाटीवर उभ्याने उडी, आणि तुलना त्याच खेळाडूच्या नेहमीच्या आकड्याशी. ही चाचणी पायांतला जोर सांगते. खांद्याला बसलेले ठोसे ती सांगत नाही. म्हणून उडी झकास निघालेला प्रॉप विसाव्या मिनिटाला टॅकलमध्ये डोकं चुकीच्या बाजूला घालतो आणि तपासणीसाठी बाहेर जातो.

डोक्याच्या दुखापतीत मात्र वादाला जागाच नाही. २०२३ पासून कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला धक्का, झालेल्या खेळाडूला साधारणपणे किमान ११ दिवस बाहेर बसावं लागतं. बुधवारी झालं की येणारा शनिवार-रविवार गेलाच.

अर्धवट विश्रांती हा सगळ्यांचा आवडता तोडगा. ‘बाकावर ठेवा, चाळीस मिनिटं खेळवा.’ ऐकायला सोपं आहे, पण सामन्यात बाकावरच्या खेळाडूला आत घ्यायच्या अदलाबदली आठच. दोन्ही प्रॉप पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास बाहेर आणि उत्तरार्धात परत आत, इथेच चार संपल्या. टॅकलनंतर चेंडू उचलून पास देणाऱ्या हुकरला दम द्यायचा तर आणखी एक-दोन. त्यात दमलेला तारा उतरवला आणि तो दहा मिनिटांत हात वर करू लागला, की सगळी आखणी कोलमडते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! एका संघाकडे चेंडू राहतो तो सहा टॅकल होईपर्यंत; २०२० पासून छोट्या चुकांवर दंड-किकऐवजी पुन्हा सहा टॅकल मिळू लागले, तेव्हापासून श्वास घ्यायची उसंतही कमी झाली. त्यामुळे माझं मत असं, की मधल्या फळीतल्या माणसाला ४६ तासांत खेळवूच नये, बाकावरही नको. विंगरला चाचणी करून खेळवावं.

खरी पंचाईत १, ६, ७ आणि ९ या क्रमांकांची: फुलबॅक, फाइव्ह-एट, हाफबॅक, हुकर. संघाचा कणा हाच. यातला एक बसवला तर निभतं. सात आणि नऊ दोघेही बसले तर चेंडू उशिरा निघतो, पाचव्या टॅकलनंतर, चेंडू हातचा जाण्याआधी, कोणी किक मारायची यावर तीन जण एकमेकांकडे बघतात, आणि किक पडते ती नेमकी समोरच्या फुलबॅकच्या छातीवर. सामने तिथे हातचे जातात. नवख्या प्रॉपमुळे क्वचितच.

‘एका विजयाच्या दोन गुणांनी काय होतं?’ या प्रश्नाला २०२१ चं पेनरिथ, सिडनीचा एक क्लब, हे दोन्ही बाजूंचं लाडकं उदाहरण. सलग १२ विजय मिळवून बसलेला हा संघ, सात जण ओरिजिनच्या शिबिरात असताना, वेस्ट्स टायगर्सकडून २६-६ असा हरला. पुढच्याच आठवड्यात, टाउन्सविलच्या ओरिजिननंतर दोन दिवसांनी, क्रोनुलाने त्यांना १९-१८ ने घालवलं. साखळी संपली तेव्हा मेलबर्न आणि पेनरिथ दोघांचेही २१ विजय, ३ पराभव. गुणफरकावर मेलबर्न पहिलं. म्हणजे दोन सामन्यांनी अव्वल नंबर गेला. ‘खेळवा’वाले इथे टेबलावर हात आपटतात. पण बादफेरीत पेनरिथने मेलबर्नला १०-६ ने हरवलं आणि अंतिम सामन्यात साउथ सिडनीला १४-१२ ने. ‘बसवा’वाले मग दुसरा हात आपटतात. मला वाटतं, धडा त्या संघाच्या खोलीचा आहे. पहिल्या चारांत राहिलं की बादफेरीत एक हार पचते. पेनरिथला तेवढी ऐपत होती. आठव्या जागेसाठी धडपडणाऱ्या क्लबाला तीच चैन परवडत नाही. त्याने तारा बसवून हरावं आणि सप्टेंबरात ताजातवाना तारा सुट्टीवर पाठवावा, यात शहाणपण ते काय?

उरले टिपिंग करणारे, म्हणजे दर आठवड्याला विजेत्यांचे अंदाज बांधणारे. त्यांचा राग तत्त्वाचा नाही, तळ्यात-मळ्यातचा आहे. नाव यादीत, म्हणून अंदाज लावला, आणि सामन्याच्या तासभर आधी कळतं की सात नंबर बसलाय. निर्णय काहीही घ्या, पण यादी लागते तेव्हाच सांगा, एवढीच त्यांची मागणी. आणि यादी लागते मंगळवारी दुपारी चारला, ओरिजिनच्या आदल्या दिवशी.