आटलेल्या पाझर तलावात शिडाची गाडी: ताशी ७० किलोमीटरच्या प्रयत्नाची तयारी

गेल्या उन्हाळ्यात माझी तीनचाकी शिडाची गाडी ताशी ५८ किलोमीटरपर्यंत पोहोचली होती. यंदा मृगाचा पाऊस येण्याआधी ७० गाठायचे ठरवून दिवाळीपासून काम चालू आहे, आणि ते आता अशा टप्प्यावर आले आहे की त्याची नोंद आपल्यासमोर ठेवावी.

सांगाडा मी बर्फावर चालणाऱ्या डीएन वर्गाच्या (‘डेट्रॉइट न्यूज’ या वृत्तपत्राच्या नावावरून) शिडाच्या गाडीवरून घेतला होता. १९३७ साली डेट्रॉइटमध्ये आखलेल्या या गाडीची लांबी १२ फूट, आडवी फळी ८ फुटांची आणि शीड ६० चौरस फुटांचे असते. वऱ्हाडात बर्फ नाही, पण मे महिन्यात आटलेल्या पाझर तलावाचे सपाट पात्र आहे. म्हणून पोलादी धारांच्या जागी स्कूटरची १० इंची चाके बसवली. सायकलची चाके मी मुद्दाम टाळली, कारण शिडाचा जोर आडवा येतो आणि तारांची चाके तो सोसत नाहीत.

५८ वर गाडी का अडली, याचा हिशेब मी पावसाळाभर मांडत होतो. ताशी २४ किलोमीटरचा वारा गाडीला काटकोनात मिळत असताना ती ४० ने धावू लागली की बसणाऱ्याला तोच वारा समोरून सुमारे ३१ अंशांवर लागतो, ६० ला तो २२ अंशांवर येतो आणि ७० ला १९ अंशांवर. म्हणजे वेग जसजसा वाढतो तसतसा वारा नाकासमोर येत जातो, आणि इतक्या निमुळत्या कोनातही ज्या शिडाला ओढ देता येते तेच पुढे नेते. माझे कापडी शीड तिथे फडफडू लागत होते. त्यामुळे शीड मोठे करण्याचा मोह आवरून मी ते लहान केले: ६० चौरस फूट कापडाच्या जागी आता ३८ चौरस फुटांचा ताठ पंख आहे.

पंखाच्या फासळ्या प्लायवूडच्या आहेत, मधला कणा ॲल्युमिनियमच्या नळीचा आहे आणि वरून प्लास्टिकचा पातळ ताव इस्त्रीने तापवून ताणला आहे. ताव नीट बसला की बोटाच्या टिचकीने खंजिरीसारखा आवाज येतो. जिथे तो आवाज बद्द आला तिथे मी पुन्हा इस्त्री फिरवली. सगळ्यात जास्त वेळ तोलाने घेतला. पंख नळीभोवती मोकळा फिरतो, त्यामुळे मागची बाजू जड राहिली तर वेगात तो थरथरू लागतो. दोन खाटांच्या मध्ये नळी आडवी ठेवून पुढच्या काठाला शिशाचे तुकडे बांधत गेलो, आणि १ किलो ४०० ग्रॅमवर पंख कुठल्याही कोनात सोडला तरी जागच्या जागी थांबू लागला. त्या संध्याकाळी मला झालेला आनंद शब्दांत मांडता येणार नाही.

खरी अडचण जमिनीची आहे. तलावाच्या मधल्या काळ्या गाळाला वीतभर रुंद भेगा पडतात आणि काठाजवळच्या ओलसर भागात गावकऱ्यांची गाळपेर असते, तिथे चाक नेणे कधीही योग्य नाही. उरते ती मुरूम वाहून आलेल्या बाजूची सुमारे ६५० मीटरची पट्टी. तिच्यावर माझ्यासह १४२ किलोची गाडी ताणकाट्याने ओढली तेव्हा ४.३ किलोचा जोर लागला. खडे वेचून, पाणी शिंपडून, रोलर फिरवल्यावर ३.२ वर आला. बर्फावर पोलादी धारेला याहून कितीतरी कमी जोर लागतो, म्हणून या आकड्यातला प्रत्येक दशांश मला मोलाचा वाटतो.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चाचणी घेताना काका धुऱ्यावरून ओरडले, "बापू, पश्चिमेकडं धूळ दिसून राह्यली, गाडी फिरव!" मी फिरवीपर्यंत वावधन येऊन पोहोचले. वाऱ्याकडचे चाक उचलले गेले, गाडी कलंडली आणि पंखाच्या टोकाच्या दोन फासळ्या मोडल्या. मला फक्त कोपरावर खरचटले. पंखाचा कोन एका लहान शेपटीने ठरतो, आणि तिची दोरी मी घट्ट गाठ मारून बांधली होती, ही चूक माझी. आता ती दोरी हातातच धरतो: सोडली की शेपटी सरळ होते आणि पंख वाऱ्याच्या रेषेत जाऊन ढिला पडतो. वाऱ्याकडच्या बाजूला १२ किलो वाळूची पिशवीही बांधली आहे; तिने वजन वाढते, तरी मला ती हवी आहे.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये ग्लेन ॲशबी या शिडनौकापटूने दक्षिण ऑस्ट्रेलियातील गेर्डनर या खाऱ्या तळ्यावर वाऱ्यावर चालणाऱ्या गाडीने ताशी २२२ किलोमीटर ओलांडले, तेव्हा वारा जेमतेम ४० किलोमीटरचा होता. वाऱ्याच्या पाचपटीहून जास्त. माझे उद्दिष्ट तिपटीच्या आतले आहे. मोजणी फोनवरच्या जीपीएसने होईल, पण मी एका क्षणाचा आकडा न धरता सलग तीन सेकंदांची सरासरी धरणार आहे, आणि दोन्ही दिशांना एकेक धाव घेणार आहे.

फासळ्या बदलून झाल्या आहेत, नवा तावही चढला आहे. पंख सध्या गोठ्याच्या आढ्याला दोरांनी टांगलेला असून, दुपारी तीननंतर पश्चिमेचा वारा सलग अर्धा तास टिकेल त्या दिवशी गाडी तलावात उतरेल.