बेशरम उपटण्यापासून मरळाच्या पिलांपर्यंत : माझा अनुभव

लग्न होऊन मी साकोली तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा सासरे पहाटे जाळं घेऊन तलावावर जात आणि भाजीपुरते शिंगूर, मरळ, झिंगे घेऊन येत. दहा वर्षांत ते थांबलं. तलाव तोच, कोहळी या शेतकरी समाजाने बांधलेला, ज्याला सगळे मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतात. पाणीही होतं. गावची मच्छीमार संस्था दरवर्षी कटला, रोहू, मृगळची बोटुकली सोडायची, ती वाढली की बाजारात जायची. घरच्या ताटात मात्र काही नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणत, "पोरी, मास्याचं घरच नाही रायलं, त मासा कुठून येईन?"

अर्जुनी मोरगावकडच्या काही गावांत धिवरांनी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाने, तलावात पाणवनस्पती लावल्याचं कळलं, तेव्हा बचत गटातल्या आम्ही सात जणी बघायला गेलो. तिथे काठाला देवधान, म्हणजे जंगली भात, उभं होतं, पाण्यात हात घातला की हायड्रिला ही पाण्याखाली वाढणारी वनस्पती बोटांना गुंडाळायची. आमच्या काठावर नुसती बेशरम, कुठेही माजणारं झुडूप.

गावात परतल्यावर सगळ्यात अवघड गेलं ते संस्थेला पटवणं. ठेका संस्थेचा, आणि सभासदांत एकही बाई नाही. पहिल्या दोन बैठकांत आम्हाला बोलूच दिलं नाही. तिसऱ्यांदा मामाजी आमच्या बाजूने उठले. शेवटी ग्रामसभेत ठराव झाला: एका कोपऱ्यात जाळं टाकायचं नाही, आणि गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडायचा नाही, कारण तो लावलेली सगळी हायड्रिला खाऊन टाकतो.

मे महिन्यात बेशरम उपटायला घेतली. ती मुळासकटच काढावी लागते. नुसती कापली तर पुन्हा फुटते, आणि तोडलेली फांदी ओल्या मातीवर पडली तरी तिथेच मूळ धरते. म्हणून दूर नेऊन वाळवली आणि जाळली. चिकाने हात चुरचुरायचे, रोजी बुडायची, तरी बाया येत राहिल्या. मग कोरडा तळ नांगरून घेतला.

पाऊस स्थिरावल्यावर शेजारच्या गावातून पोत्यांत भरून हायड्रिला आणि फितीसारख्या लांब पानांचं गवत आणलं. पोती सतत भिजवत ठेवली, वाटेत सुकलं की संपलं. मुळाशी चिखलाचा गोळा बांधून गुडघाभर पाण्यात एकेक रोप दाबलं. भोवती बांबू आणि जुनं जाळं लावलं, म्हशी शिरू नयेत म्हणून. पहिल्या वर्षी अर्धं वाहून गेलं. मी त्या दिवशी काठावर बसून रडले. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा लावलं, यावेळी पाणी जिथे संथ असतं तिथे.

मासे अंडी टाकायला गवत शोधतात, पिलं त्यातच लपतात, त्यातले बारीक किडे खातात. हे मामाजींना ठाऊकच होतं, आम्हाला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

तिसऱ्या वर्षी श्रावणात मी कपडे धुवायला गेले होते. गवताजवळ पाण्यावर लालसर ठिपका दिसला, हलणारा. मरळाची शेकडो पिलं, एकमेकांना चिकटून, आणि खाली त्यांना राखणारी काळी जोडी. अशा वेळी मरळ जागा सोडत नाही, म्हणून भाल्याने मारायला सोपा. तिथेच एक पोरगा भाला घेऊन उभा होता. मामाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने भाला खाली केला, आणि आम्ही तिघं पिलं देवधानात शिरेपर्यंत उभे राहिलो.