कुरोड्या आणि ९६ टक्के

आमच्या घरी आभाळाचा सगळ्यात कडक अभ्यास मोठ्या आईचा. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, मोठ्या बाबांची बायको. तिला एल निनो, म्हणजे पॅसिफिक समुद्राचं तापणं, माहीत नाही, पण कुरोड्या, म्हणजे कुरडया, टाकायचं ठरलं की आठवडाभर आधीपासून तिचा एक डोळा वर असतो. कारण गहू एकदा भिजत घातला की माघार नाही. तीन दिवस पाणी बदलत तो भिजणार, मग वाटायचा, गाळायचा, चीक रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि पाचव्या दिवशी पहाटे चारला चूल पेटवायची. त्या पाचव्या दिवशी ऊन पाहिजे. नुसतं ऊन नव्हे, सोऱ्यातून पडलेली ओली कुरोडी संध्याकाळी बाजेवरून उचलताना खडखड वाजेल असं ऊन. म्हणजे तिला पाच दिवसांचा अंदाज लागतो, आणि तोही फक्त आमच्या धाब्यापुरता, घरावरच्या सपाट छतापुरता. वेधशाळेच्या भाषेत हा मध्यम पल्ल्याचा अंदाज. मोठी आई नुसतं "पाहू" म्हणते आणि गहू भिजत घालते.

मोठ्या बाबांचा पल्ला लांबचा. ते थेट जून ते सप्टेंबरबद्दल बोलतात. आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीला पाणी लागतं, पण ते पिकाला देता येत नाही, इतकं खारं. त्यामुळे इथला कास्तकार खाली कमी आणि वर जास्त पाहतो. पाडवा झाला की मोठे बाबा पंचांग घेऊन ओट्यावर बसतात आणि नक्षत्रांची वाहनं काढतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं, बाकी उरेल ते वाहन. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव. बाकी काहीच उरली नाही तर हत्ती, म्हणजे मुबलक पाऊस. ज्याच्याकडे बाकी काही उरत नाही त्याला हत्ती मिळतो, हे गणित आमच्या सोसायटीच्या कर्जखात्यात मात्र कधी लागू झालेलं मी पाहिलं नाही.

पंचांगाखेरीज टिटवी आहे. धुऱ्यावरच्या गोट्यांमध्ये तिची अंडी दिसली की मोठे बाबा मोजतात. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. लहानपणी मी हे फार मनावर घेतलं होतं, आणि दरवर्षी चारच निघायची म्हणून दरवर्षी खूष व्हायचे. टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते, हे मला फार उशिरा कळलं. मोठ्या बाबांना ते आधीपासून माहीत असावं, असा माझा संशय आहे. टिटवीला विचारलं की ती हो म्हणते, एवढं त्यांना पुरत असावं. कावळा त्या मानाने स्पष्टवक्ता. त्याने घरटं काटेरी झाडावर बांधलं की मोठे बाबा दोन दिवस कोणाशी धड बोलत नाहीत.

आणि भेंडवळ. आमच्याकडे अंदाज या शब्दाला भेंडवळ हा प्रतिशब्द आहे. बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथे वावरात घट मांडतात. मधोमध खड्डा, त्यात चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, करंजी, कुरडई असं सगळं, आणि भोवती अठरा धान्यांचं रिंगण. गहू, ज्वारी, तूर, सरकी, जवस, अंबाडी, करडी... रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणतं धान्य जागेवर आहे, कोणतं आत-बाहेर सरकलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, यावरून पिकाचं आणि पाण्याचं भाकीत. वाघ घराण्याने साडेतीनशे वर्षांपासून हे चालवलं आहे असं सांगतात. वह्या-पेनं घेऊन कास्तकार लांबून येतात. हवामानशास्त्र हे मानत नाही, आणि मीही मानत नाही. तरी त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आमच्या घरी कोणाचा तरी फोन येतो आणि मी हातातली भांडी खाली ठेवून ऐकते. मोठ्या आईला त्यातली एकच गोष्ट खटकते. उघड्या वावरात रात्रभर ठेवलेली कुरडई नरम पडते, मग तिच्यावरून काय कळणार?

२०२३ची गोष्ट. ११ एप्रिलला हवामान खात्याने अंदाज दिला: देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस, पाच टक्के इकडे-तिकडे. मोठ्या बाबांचा नातू कृषी पदविकेला आहे. त्याने मोबाइलवरून हे वाचून दाखवलं.

"शहान्नव टक्के म्हन्जे आपल्या गावात किती?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"आबा, ते पुऱ्या देशाचं हाय."

"मंग आपलं कोन सांगन?"

नातू माझ्याकडे पाहायला लागला. मी अकोल्याहून चार दिवस आलेली, कॉलेज शिकलेली आत्या. मी सांगायचा प्रयत्न केला. लग्नाचा आचारी कसा, किती माणसं येणार हे ऐकून तांदूळ किती, डाळ किती, तेल किती हे बरोबर सांगतो. पण तिसऱ्या पंगतीत भाजीत मीठ जास्त पडेल का, हे तो सांगू शकत नाही. हंगामाचा अंदाज तसा. समुद्र हळू तापतो, हळू निवतो; पॅसिफिक कोमट झाला तर महिनोन्‌महिने कोमट राहतो, म्हणून त्याच्यावरून चार महिन्यांची बेरीज काही प्रमाणात सांगता येते. हवा मात्र चंचल. दोन आठवड्यांच्या पुढचा नेमका दिवस आजच्या हवेवरून काढता येत नाही, यंत्र कितीही मोठं आणा.

"मंग मीठ जास्त पडलं तं जेवनारानं काय कराव?" मोठे बाबा म्हणाले. हा प्रश्न मी अजून सोबत घेऊन फिरते.

खरं तर अंदाज सांगणाऱ्यांची दमछाक जुनी आहे. १८७७च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारला पावसाचं आधी कळायला हवं असं वाटू लागलं, आणि ब्लॅनफर्ड नावाच्या साहेबाने हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधायला घेतले. बर्फ जास्त तर पाऊस कमी. १८८६ पासून हे रीतसर सुरू झालं. पुढे गिल्बर्ट वॉकर आला. तो गणिती, आणि त्याला बूमरँग फेकण्याचा इतका नाद की केंब्रिजात त्याचं नावच 'बूमरँग वॉकर' पडलं होतं. हवामान खात्याला याहून योग्य माणूस कुठे मिळणार? या खात्याने हवेत सोडलेली प्रत्येक गोष्ट फिरून त्याच्याच अंगावर येते. १९८८ पासून सोळा घटकांचं सूत्र चाललं, शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांचं. ते चौदा वर्षं लोकांच्या विश्वासाला उतरलं, आणि २००२ साली १०१ टक्के सांगितलं असता ८१ टक्के पडला. तेव्हापासून सूत्रं बदलली, संगणक वाढले, अंदाज एप्रिलला एकदा आणि पुढे पुन्हा असा दोनदा येऊ लागला.

मला यातली एक गोष्ट मात्र नेहमी गमतीची वाटते. हे सगळे टक्के जून ते सप्टेंबरचे. १ जूनला खातं उघडतं, ३० सप्टेंबरला बंद होतं. त्याच्या आधी जे कोसळतं ते हंगामाच्या वहीत चढतच नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चात दोन-अडीच आठवडे गारा पडत राहिल्या, कापणीला आलेला गहू-हरभरा आडवा झाला, वरुडकडच्या बागांत संत्र्यांचा खच पडला. ते त्या वर्षीच्या मान्सूनच्या टक्क्यात कुठेच नाही. आमच्या कुरोड्यांचंही तसंच झालं.

२२ एप्रिलला अक्षय तृतीया झाली, घटमांडणीचा फोन येऊन गेला, आणि महिना सरता सरता मोठ्या आईने गहू भिजवला. तसं त्या एप्रिलात सगळेच थोडे बिचकलेले होते. ९ तारखेला आमच्याच जिल्ह्यात, पारसला, वादळात कडुनिंबाचं मोठं झाड टिनाच्या शेडवर पडलं. पावसापासून आसरा म्हणून आत थांबलेल्यांपैकी सात माणसं गेली. त्यानंतर आमच्या गावात वारा सुटला की बायका आधी झाडाकडे पाहायच्या, मग टिनाकडे.

पाचवा दिवस उजाडला तो स्वच्छ. पहाटे चीक शिजला, पोरांनी साखर घालून वाट्या चाटल्या, आठ वाजेपर्यंत धाब्यावर दोन बाजा आणि तीन लुगडी पांढऱ्या जाळीने भरून गेली. दुपारी ऊन चटकत होतं. कुरोड्या वरून कोरड्या, उलटून पाहिल्या तर पोटात अजून ओल. "आन दोन घंटे," मोठी आई म्हणाली.

साडेतीनला वारा थांबला. मला वादळाची हीच गोष्ट सगळ्यात भीतीदायक वाटते, हे थांबणं. निंबाचं पान हलेना. कोठ्यातली गाय उगीचच उभी राहिली. पश्चिमेला आभाळाच्या कडेला मातकट पिवळा पट्टा होता आणि त्याच्या मागे निळं-काळं काहीतरी उभं, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं. आमच्याकडे हे असं का होतं तेही नातवाने पुस्तकातून सांगितलं होतं. पश्चिमेकडून येणारी तापलेली कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा, दोघींची गाठ पडते ती नेमकी आमच्या डोक्यावर. खालून जमीन तव्यासारखी. दमट हवा सुसाट वर जाते, दहा-पंधरा किलोमीटर उंच, तिथे थेंब गोठतात, खाली येऊ पाहतात, वारा त्यांना पुन्हा वर फेकतो. गार फोडून पाहिली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. असा एक ढग जगतो साधारण अर्धा-पाऊण तास.

नातवाच्या मोबाइलवर 'दामिनी' आहे. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने काढलेलं ते ॲप आपल्या भोवतीच्या वीस-चाळीस किलोमीटरात वीज पडते आहे का ते दाखवतं. तो जिन्यावरून ओरडला, "आत्या, लाल दाखवून राह्यलं!" तेवढ्यात मोठी आई अर्धी बाज उचलून जिन्यापाशी आलीसुद्धा होती. तिला कोणी लाल दाखवलं नव्हतं.

मग वावधन आलं. आधी धूळ, दारासमोरचं घर दिसेनासं करणारी, आणि धुळीत कुटार, पालापाचोळा, कोणाची तरी प्लॅस्टिकची बादली. एक बाज आम्ही आत घेतली. दुसरी उचलायला गेलो तोच लुगडी उठली. तीन लुगडी, त्यांच्यावर पाच पायल्या गव्हाची कामगिरी, पतंगासारखी धाब्यावरून सरकली आणि कठड्यापलीकडे गेली. मी धावले. मोठ्या आईने मागून माझा दंड धरला.

"जाऊ दे त्या कुरोड्या! पोट्टे कुठी हायेत ते पाह्य!"

पोरं माजघरात होती. आम्ही दार लावलं आणि टिनावर गारा सुरू झाल्या. तो आवाज ज्याने टिनाखाली बसून ऐकला आहे त्याला सांगायला नको. बोललेलं ऐकू येत नाही, नुसती तोंडं हलताना दिसतात. वीज चमकली की नातू बोटं मोजायचा. तीन मोजली की एक किलोमीटर. एकदा त्याला एकही बोट उघडता आलं नाही. शेजारच्या कोठ्याचे टिन उडाले, एक टिन आमच्या अंगणात येऊन तुळशीपासून हातभर अंतरावर उभं रुतलं. वीस मिनिटं. मग कोणीतरी नळ बंद करावा तसं थांबलं, आणि पश्चिमेला चक्क ऊन पडलं.

बाहेर आलो तर गारवा असा की शाल आठवावी. विजेचा डांब वाकला होता, लाइन तीन दिवसांनी आली. गल्लीत, कोठ्यावर, गोठाणाच्या बाभळीवर कुरोड्या लटकत होत्या. पोरं बाभळीखाली उभी राहून त्या काढून खात होती. मोठे बाबा काठी टेकत वावराकडे निघून गेले.

त्या वर्षी पाऊस पडला ९४ टक्के. ९६ सांगितले, ९४ पडले. इतका नेमका उतरलेला अंदाज मी तरी लग्नाच्या आचाऱ्याकडूनही पाहिलेला नाही. फक्त जुलैत नाला वावरातून वाहिला, आणि ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. फुलावर आलेलं सोयाबीन तीन आठवडे आभाळाकडे पाहत राहिलं. बेरीज बरोबर आली. नातवाने ते आबांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय त्याईचं. मीठ तेवढं एकाच पंगतीत पडलं."

पण हे पुढचं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा मोठी आई धाब्यावर होती. गावातल्या साऱ्या गावरान आंब्यांखाली कैऱ्यांचा सडा पडला होता, आणि मार लागलेल्या कैरीचं लोणचं टिकत नाही. म्हणून तिने रात्रीच कंदिलाच्या उजेडात चार टोपल्या कैऱ्या सोलून फोडी केल्या होत्या, आमचूर करायला. वाचलेली बाज धुऊन तिने तिच्यावर फोडी पसरल्या होत्या. उरलेल्या फोडी मी पसरू लागले.

"मोठी आई, आज पुन्हा आलं तर?"

तिने कपाळावर हात धरून पश्चिमेकडे पाहिलं, बराच वेळ.

"गहू भिजू घातला हाय पुन्हा," ती म्हणाली. "पाहू."