आमची वाटचाल : दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच

खडबडीत जमिनीवर पळणाऱ्या गाड्यांचे सस्पेन्शन आम्ही बनवतो. साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात शिरताच उजव्या हाताला २० मिलिमीटर जाडीची एक पोलादी प्लेट चार भक्कम पायांवर बसवलेली दिसते. तोडलेल्या जहाजाची ही प्लेट आम्ही दारुखान्यातून वजनावर विकत घेतली, मशीनवर सपाट करून घेतली आणि तिच्यावर जिगची, म्हणजे भाग वेल्डिंगपूर्वी जागच्या जागी धरणाऱ्या साच्याची, भोके पाडली. आजवर आम्ही बनवलेला पुढच्या सस्पेन्शनचा प्रत्येक आर्म, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडून वर-खाली हलू देणारा दांडा, या प्लेटवरच जुळलेला आहे. माझे भागीदार, ज्यांना सगळी गल्ली उस्ताद म्हणते, ते मूळचे खेडचे आणि माझगावच्या गोदीत वेल्डिंग शिकलेले. सकाळी आल्यावर ते आधी ही प्लेट पुसतात आणि मगच चहा घेतात.

सुरुवात आम्ही जीपचे कमानपाटे आणि शॅकल बदलण्यापासून केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आमचा लेथ बेडपर्यंत गाळात बुडाला होता. तो उघडून, रॉकेलने धुऊन पुन्हा सुरू करायला गणपती उजाडले. नंतरची काही वर्षे काम बरे चालले.

खरी वाटचाल सुरू झाली ती २०१० मध्ये आलेल्या महिंद्र थारमुळे. जुन्या जीपला पुढे दोन्ही चाकांना जोडणारा एकच सॉलिड अ‍ॅक्सल असे. या गाडीला पुढे टॉर्शन बारवर, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळईवर, चालणारे स्वतंत्र सस्पेन्शन होते; प्रत्येक चाक वेगळे हलायचे. ठाण्याचे एक निवृत्त मरीन इंजिनियर, ज्यांना आम्ही काका म्हणतो, ती गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "चिखलात रेंगाळायला सॉलिड अ‍ॅक्सल बरा, हे मला ठाऊक आहे. मला खडबडीत जमिनीवर वेगात जायचे आहे. पुढच्या चाकाची हालचाल वाढवून द्या." असे काम मुंबईत आमच्या ओळखीच्या कोणी केलेले नव्हते. उस्तादांनी माझ्याकडे पाहिले आणि मी होकार दिला.

चाकाची हालचाल आर्मच्या लांबीवर आणि सांधे किती कोन सहन करतात यावर ठरते. आर्म १४ इंचांचा असेल आणि तो वर-खाली २० अंश फिरत असेल, तर चाकाला सुमारे साडेनऊ इंच हालचाल मिळते. तोच आर्म १७ इंचांचा केला, तर तेवढ्याच कोनात ती साडेअकरा इंचांच्या पुढे जाते. म्हणून गाडी रुंद करायची, केवळ रुबाबासाठी नव्हे. मात्र खालचा आर्म तीन इंचांनी लांबवला की वरचा आर्म, स्टीअरिंगकडून चाक वळवणारा टाय रॉड आणि चाकाला ताकद देणारा ड्राइव्ह शाफ्ट यांनाही त्याच हिशेबात लांबवावे लागते, आणि त्यातले एक जरी राहिले तरी उरलेली सारी मेहनत वाया जाते. शाफ्ट आम्ही एन२४ या कणखर मिश्रपोलादाचे, स्प्लाइन (टोकाचे दाते) कापून मग उष्णताप्रक्रिया केलेले वापरतो. मधोमध तोडून जोडलेला शाफ्ट आमच्या गाळ्यातून कधीही बाहेर गेलेला नाही.

स्प्रिंगचा हिशेब तर बहुतेक जण विसरतातच. १४ इंचांच्या आर्मवर स्प्रिंग चेसिसकडच्या टोकापासून ९ इंचांवर बसलेली असेल, तर चाकाशी जाणवणारा तिचा ताठरपणा ९ भागिले १४ या गुणोत्तराच्या वर्गाइतका, म्हणजे सुमारे ४१ टक्के असतो. आर्म १७ इंचांचा करून स्प्रिंग तिथेच ठेवली, तर तो २८ टक्क्यांवर येतो. म्हणजे तीच स्प्रिंग जवळजवळ एक तृतीयांशाने मऊ पडते, आणि गाडी बसली की गिऱ्हाईक स्प्रिंगच्या दर्जाला दोष देते. काकांच्या गाडीत आम्ही टॉर्शन बार काढून कॉइलओव्हर, म्हणजे भोवती कॉइल स्प्रिंग असलेले शॉक, बसवले. पूर्वी टॉर्शन बारच्या मागच्या आधारावर जाणारा भार आता चाकाच्या वरच्या माउंटवर येणार होता, म्हणून चेसिसवर नवा टॉवर उभारला आणि दोन्ही टॉवर इंजिनावरून आडव्या नळीने एकमेकांना बांधले.

मग स्प्रिंग काढून टाकून, चाक जॅकने एकेक इंच वर उचलत टो, म्हणजे चाक आत किंवा बाहेर किती वळले आहे ते, मोजायचा, हे काम तीन दिवस चालले. भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली दोरी, ओळंबा, चुंबकी अँगल गेज आणि वही एवढीच आमची साधने होती. उस्ताद जॅक मारत, मी आकडा वाचे आणि काका तो लिहून घेत. चाक वर-खाली होताना स्वतःहून आत किंवा बाहेर वळू लागले, तर वेगात गाडी चालकाच्या हातात राहत नाही. टाय रॉडचा बाहेरचा सांधा किंचित वर की खाली, एवढ्यावर हे सगळे अवलंबून असते. आम्ही त्याखाली एकेक मिलिमीटरचे वायसर बदलत गेलो आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्व इंचांचा आकडा जवळजवळ एकच आला. त्या वहीचे ते पान आजही आमच्याकडे आहे.

त्या दिवसांत हाताखाली एक हुशार मुलगा होता. ट्यूबचे नॉचिंग, म्हणजे दुसऱ्या नळीवर नीट बसेल असे तोंड कापणे, त्याला मी स्वतः शिकवले होते. आमच्याकडे तीन वर्षे काढून तो एके दिवशी निरोप न घेता गेला आणि त्याच्याबरोबर पत्र्याचे आमचे टेम्प्लेटही गेले. काही महिन्यांत त्याने जवळच स्वतःचा गाळा उघडला आणि आमच्या मापाचे सेट आमच्यापेक्षा बरेच स्वस्तात विकू लागला. माणसाने पुढे जावे, याचे मला कधी वाईट वाटले नाही. न विचारता नेलेल्या त्या टेम्प्लेटचे मात्र आजही वाटते.

त्याच काळात आमचा एक वरचा आर्म तुटला. मावळातल्या एका शेतातील ट्रॅकवर पावसाळी सराव चालू असताना बुशच्या नळीजवळचे वेल्ड उघडले, चाक आत झुकले आणि गाडी बांधावर जाऊन थांबली. कोणालाही इजा झाली नाही, ही परमेश्वराची कृपा. त्या तुटलेल्या आर्मचा फोटो संध्याकाळपर्यंत मुंबई-पुण्याच्या सगळ्या ऑफरोडवाल्यांच्या फोनवर पोहोचला होता, आणि तो कोणी पुढे पाठवला हे मला ठाऊक आहे. ठरलेली चार कामे आठवड्याभरात रद्द झाली.

आर्म कापून पाहिल्यावर वेल्डच्या आत सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसली. ४१३० क्रोमोली पोलादाची नळी योग्य होती, फिलर योग्य होता आणि उस्तादांचा हातही योग्यच होता. मे महिन्याच्या उकाड्यात गाळ्यात उभा पंखा लावलेला होता, त्याच्या वाऱ्याने टिग वेल्डिंगमध्ये धातूला हवेपासून वाचवणारा आर्गॉन वायू वितळलेल्या धातूवरून उडाला आणि हवा आत शिरली. उस्ताद त्या रात्री घरी गेले नाहीत. त्यांनी बाहेर गेलेल्या सातही सेटची यादी काढली आणि आम्ही सातही गाड्या परत बोलावून आर्म आमच्या खर्चाने नवे करून दिले. त्यासाठी आमचाच शेजारचा दुसरा गाळा सोडावा लागला. पगार दोन महिने उशिरा झाला आणि दोन मुले काम सोडून गेली.

काका तेव्हा आपली गाडी स्वतःच ट्रेलरवरून घेऊन आले. आर्म बदलताना शेजारी उभे राहिले आणि निघताना दुसऱ्या गाडीच्या कामाची आगाऊ रक्कम टेबलावर ठेवून गेले, जिचे काम आम्ही अजून मान्यही केले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "जहाजावर बॉयलर फुटला तर इंजिनियर बदलत नाहीत, कारण शोधतात." त्या पैशांतून आम्ही टिगच्या जागेला तिन्ही बाजूंनी पडदे लावले. तेव्हापासून प्रत्येक वेल्डवर लाल डाय मारून तो पुसतो आणि मग त्यावर पांढरा डेव्हलपर मारतो, म्हणजे पृष्ठभागावर उघडणारी केसाएवढी चीरही लाल रेघ होऊन दिसते. आत दडलेली छिद्रे मात्र त्यात दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक खेपेला एक नमुना जोड कापूनही पाहतो. हे काम करणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की, पंखा बंद करा, घाम येऊ द्या. वेल्ड पाण्याने किंवा वाऱ्याने गार करू नका, आर्म जिगमध्येच सावकाश गार होऊ द्या. ट्यूब घेताना चाचणी प्रमाणपत्र मागा आणि ते देत नसेल त्या दुकानातून उठून या.

आमच्याकडून गेलेल्या त्या मुलाच्या स्वस्त सेटवरच्या गाड्या पुढे आमच्याकडेच येऊ लागल्या. आर्मची लांबी त्याने बरोबर नेली होती, पण टाय रॉडचे बाहेरचे टोक सोयीसाठी स्टीअरिंग आर्मच्या खालून न लावता वरून लावले होते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात चाक आपली दिशा बदलत असे. वायसरांचे ते पान टेम्प्लेटवर कोरलेले नव्हते. आम्ही त्या गाड्या दुरुस्त केल्या आणि पैसे घेतले. त्यातल्या दोघांनी गाडी अशी भरकटते म्हणून सगळीकडे आमचेच नाव घेतले होते, कारण सेट आमच्यासारखा दिसत होता. त्यांनी ते नंतर कुठेही दुरुस्त केले नाही, याची सल अजून आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले. म्हणून आम्ही हे काम फक्त स्पर्धेच्या आणि खाजगी ट्रॅकवरच्या गाड्यांचे घेतो. गाडी ट्रेलरवर येते आणि ट्रेलरवरच जाते. रस्त्यावर चालवण्यासाठी करून द्या म्हणणाऱ्याला आम्ही चहा देतो आणि परत पाठवतो.

सध्या प्लेटवर काकांच्या इसुझू पिकअपचे आर्म आहेत. या गाडीला पुढे मुळातच कॉइल स्प्रिंग आहे, त्यामुळे टॉर्शन बारचा प्रश्न नाही. पण मूळ स्प्रिंगचा टॉवर लांब शॉकसाठी आखूड पडतो, म्हणून तो वरून कापून उंच करायचा आहे. काका आता सत्तरी ओलांडलेले आहेत, तरी टो मोजण्याच्या दिवशी स्वतः येऊन वही धरणार आहेत. उस्तादांनी जॅकला ग्रीस लावून ठेवले आहे.