‘पीडीएफ वाचली, फार आवडली’

गेल्या महिन्यात एका अनोळखी वाचकाचा ईमेल आला. ‘तुमचं पुस्तक दोन रात्रींत वाचून काढलं. आईच्या आजारपणाच्या प्रकरणाला रडू आवरलं नाही. मित्राने पीडीएफ पाठवली होती. आता मीही आमच्या ग्रुपवर टाकलीय, सगळ्यांनी वाचायलाच हवं.’ खाली मनापासून आभार.

त्या पुस्तकामागे माझी चार वर्षं गेली आहेत. संताप झाला. रात्री ईमेल पुन्हा वाचला तेव्हा जाणवलं, आपण काही गैर केलंय हे या माणसाच्या गावीही नाही. त्याच्या लेखी तो माझं भलंच करत होता.

कुणाच्या कपाटातलं पुस्तक उचललं, तर तिथली रिकामी जागा डोळ्यांत खुपते. फाइलची प्रत काढली तर मूळ फाइल जागच्या जागी असते. कुणाचं काही गेलेलं दिसत नाही, म्हणून मनही टोचत नाही.

आणि टोचलंच, तर सबबी तयार असतात. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली बालगुन्हेगारांबद्दल हेच मांडलं होतं: या मुलांना नियम ठाऊक असतात, पटतातही, पण कृतीच्या आधीच ती स्वतःची समजूत घालून मोकळी होतात. कॉलेजात असताना रात्रभर गाणी उतरवून घेताना माझीही समजूत तयार असायची. कंपन्या गब्बर आहेत. मी तशीही विकत घेणार नव्हतो. (हे दुसरं खरंच होतं, खिशात पैसे नव्हते.) गाणाऱ्याचा चेहरा मात्र एकदाही डोळ्यांसमोर आला नाही.

तरी सगळा दोष मनाच्या माथी मारणं मला पटत नाही. व्हिडिओ गेम विकणाऱ्या ‘स्टीम’चे गेब न्यूवेल २०११मध्ये म्हणाले होते की पायरसीचा प्रश्न बहुतेक वेळा किमतीचा नसून सेवेचा असतो. सरळ वाटेने मिळत नसेल, तर माणूस आडवाट धरतो.

मी उत्तर लिहिलं. रागावलो नाही. ते प्रकरण सात वेळा लिहावं लागलं, एवढंच सांगितलं. तासाभरात त्याचं उत्तर आलं: ‘ग्रुपवरून काढली. विकत कुठे मिळेल?’

शोधलं. तो राहतो त्या देशात माझं ई-बुक विक्रीलाच नाही. प्रकाशकांना काल लिहिलंय.