परसातला गडगा, दुसऱ्या खेपेचा

पहिली भिंत मी हौसेने बांधून घेतली आणि ती पहिल्याच पावसाळ्यात गेली.

राजापूर तालुक्यातलं आमचं घर उतारावर आहे. परसात वरच्या अंगाला हापूसची कलमं, खाली विहीर, आणि मधे साडेचार फुटांची उभी दरड. माती दरसाल थोडी थोडी विहिरीकडे सरकायची. म्हणून नऊ इंची चिऱ्याची भिंत सिमेंटात घातली, बाहेरून गुळगुळीत गिलावा. पाणी जायला भोकं ठेवू का, असं गवंड्याने विचारलं होतं. मीच म्हटलं, नको, ओघळ येऊन डाग पडतील. आषाढात भिंतीला पोट आलं. पंधरवड्यात एका रात्री ती धप्पकन बसली आणि माझा अबोलीचा वाफा गाडला गेला.

नंतर हिशोब केला. एका गुंठ्यावर 100 मिमी पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं, आणि आमच्याकडे असा पाऊस एका दिवसात सहज पडतो. ते सगळं मी नऊ इंचांमागे कोंडून ठेवलं होतं.

दुसऱ्या वेळी वाडीतले आबा आले. वय सत्तरीपुढचं, आयुष्यभर गडगे, म्हणजे बिनसिमेंटच्या दगडी भिंती, रचलेले. पडलेली भिंत बघून एवढंच म्हणाले, "माती कुठं पळत नाय भाऊ. पानी पळतं. त्याला वाट ठेव."

मोसमाची घाई नको म्हणून दिवाळीनंतर काम काढलं. पायाचा चर खणताना एका टोकाला फूटभरातच कातळ लागला, दुसऱ्या टोकाला मात्र शेडी. जांभ्याखालची ती पिवळट-पांढरी, भिजली की साबणासारखी होणारी माती. मला वाटलं, वर दगड टाकून दाबू. आबांनी कुदळ खाली ठेवलीच नाही. शेडी संपेपर्यंत अडीच फूट खोल गेलो आणि तिथून डबर भरत वर आलो. सगळ्या कामात जास्त दिवस तिथेच गेले.

पाया अडीच फूट रुंद, माथा दोन फुटांच्या आत. दर फुटाला तोंड दीड इंच मागे, म्हणजे भिंत दरडीवर रेलून बसते. दोरी त्या ढाळात बांधली, ओळंब्यात नाही. सिमेंट अजिबात नाही. आबा दगड उचलला की आधी हातोडीच्या दांड्याने ठोकायचे. खणखणीत वाजला तर तोंडाला, बद्द वाजला तर पाठीमागे भरावात. लांब दगड कधीच लांबीने दर्शनी बाजूला लावायचा नाही, तो पोटात आडवा शिरवायचा. मी एकदा सुबक दिसतो म्हणून लांबट चिरा तोंडाला मांडला. त्यांनी काही न बोलता काढला, फिरवला आणि परत बसवला. दिसायला फक्त वीतभर उरला. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही हे आपल्याला माहीत असतं, पण हातातल्या वेड्यावाकड्या दगडाला ते माहीत नसतं.

मागे फूटभर जाडीचा दगडांच्या तुकड्यांचा भराव, थरागणिक. माती त्याच्याही मागे. दरडीच्या माथ्यावर एक उथळ चर काढून वरचं पाणी बाजूच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला वळवलं. बत्तीस फुटांना पाच आठवडे लागले. आम्ही दोघं आणि अधूनमधून माझा भाचा. उंची सहा फुटांवर जात असती तर मात्र इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मी हात लावला नसता.

मृगाच्या सरीत छत्री घेऊन समोर उभा राहिलो. आधी काहीच नाही. मग खालून दुसऱ्या थराच्या सांध्यांतून गढूळ पाणी पाझरायला लागलं, आणि चौथ्या दिवशी तेच पाणी निवळ.

शेडीच्या टोकाला गडगा यंदा अर्धा इंच पुढे आलाय, दोरी लावून मोजला. आबांना सांगितलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. गणपतीनंतर बघू."