विष गमावलेला बेडूक

नववीला जैवविविधता शिकवताना मी फळ्यावर मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढते आणि त्यात दोनच प्राणी दाखवते, जग्वार हे बिबट्यासारखं ठिपकेदार मोठं मांजर आणि सोनेरी विषारी बेडूक. मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत जग्वारचा प्रदेश रंगवताना हात भरून येतो. बेडकाला कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ, काउका प्रांतात, एक ठिपका. खडूचं टोक तिथे जाडच पडतं.

आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत जग्वार 'संकटसमीप' आहे, बेडूक त्याच्या दोन पायऱ्या पुढे, 'संकटग्रस्त'. मुलांना हे आधी पटतच नाही. जग्वारने आपला जवळपास निम्मा मूळ प्रदेश गमावलाय, उरुग्वे आणि एल साल्वादोरमधून तो नाहीसाच झाला. जंगल तोडून कुरणं होतात, मग वासरू मारलं म्हणून मालक बंदूक उचलतो. तरी अ‍ॅमेझॉनचं जंगल अजून त्याच्या पाठीशी आहे. त्याला हवेत ते जंगलांचे तुकडे जोडणारे भ्रमणमार्ग. नागपूरच्या मुलांना हे वेगळं समजावावं लागत नाही. पेंचजवळ महामार्ग ४४ च्या खालून वाघ ये-जा करतात, हे त्यांना माहीत असतं.

बेडकाचं मात्र नीट सांगावं लागतं. जेमतेम पाच सेंटिमीटरचा, पिवळाधमक जीव. तिथले एम्बेरा आदिवासी फुंकनळीच्या बाणाचं टोक जिवंत बेडकाच्या पाठीवर घासतात, मग ते विष वर्षभरसुद्धा टिकतं. बॅट्राकोटॉक्सिन त्याचं नाव. चेतापेशींमध्ये सोडियम आत घेणारी दारं ते उघडीच ठेवतं आणि हृदयाचा ठोका बिघडून जीव जातो. पण हे विष बेडूक स्वतः बनवत नाही. जंगलात तो जे बारीकसारीक किडे खातो, त्यांच्यातून ते त्याच्या अंगात साठतं. काचेच्या पेटीत जन्मून फळमाश्यांवर वाढलेला बेडूक तसाच पिवळा दिसतो, पण त्याच्यात विष नसतं.

पेटीतल्या पैदाशीला माझा विरोध नाही. कोलंबियात परवाना घेऊन वाढवलेले विषारी जातींचे बेडूक विकले जातात, त्याने जंगलातून चोरून नेणाऱ्यांचा धंदा कमी होतो, आणि ते व्हायलाच हवं. पण पिंजऱ्यात जन्मलेल्या जग्वारचे सुळे शाबूत असतात. या बेडकाचं विष मात्र पालापाचोळ्यासकट ती जमीन राखली तरच राहील. त्या भागात बेकायदा सोन्याच्या खाणी आहेत, कोकेनसाठी कोकाची शेती आहे, लाकूडतोड आहे. एका जंगलात राहणं अशक्य झालं तर जग्वार मैलोन् मैल चालून दुसरं गाठू शकतो. बेडकाला दुसरं जंगलच नाही.

प्रोआवेस या कोलंबियन संस्थेने तिथे या बेडकासाठी एक राखीव क्षेत्र केलं आहे. जग्वारसाठी कितीतरी देशांची सरकारं एकत्र बसावी लागतात. इथे थोडी जमीन आणि तिथल्या लोकांची साथ एवढ्यावर बरंच साधतं. म्हणून मदत कुणाला करावी असं कुणी विचारलं, तर मी आधी बेडकाचं नाव घेते.